आईची पोत कुठल्याच आकड्यात नाही

नाशिकरोडला बिटको चौकात रिक्षावाले 'जेलरोड, जेलरोड, दसक, पंचक' असं ओरडत उभे असतात. जन्मापासून ते ऐकत आल्यामुळे त्यातला 'जेल' मला कधी वेगळा ऐकूच आला नाही. मुंबईत हॉस्टेलच्या फॉर्मवर मी घरचा पत्ता लिहिला तेव्हा टेबलापलीकडच्या मॅडमनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. आपण आयुष्यभर तुरुंगाच्या नावाने आपलं घर सांगत आलो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

मी क्रिमिनॉलॉजीत एम.ए. केलं. मराठीत याला गुन्हेशास्त्र म्हणतात, काही जण अपराधशास्त्रही म्हणतात. प्रवेश घेतला तेव्हा मला ३२वं लागलं होतं. त्याआधी आठ वर्षं अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघत होते. चांगली नोकरी सोडून हे काय, असं नातेवाइकांनी विचारलं. आत्याने तर 'म्हणजे आता तू पोलिसात जाणार का?' असं विचारलं. त्र्यंबक रोडवर पोलीस अकादमी आहे, १९०९ पासून ती नाशकात आहे, त्यामुळे आमच्याकडे गुन्हा म्हटलं की लोकांना आधी खाकी वर्दी आठवते. मग कुणी तरी रक्ताचे डाग तपासण्याबद्दल विचारतं. तो न्यायसहायक विज्ञानाचा विषय, त्याची प्रयोगशाळा वेगळी आणि पदवीही वेगळी. गुन्हेशास्त्र विचारतं की माणसं गुन्हा का करतात, कशाला गुन्हा म्हणायचं हे कोण ठरवतं, शिक्षेने नेमकं काय होतं आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं पुढे काय होतं. यातला शेवटचा प्रश्न मला या विषयाकडे घेऊन आला, पण सुरुवात त्याच्या खूप आधीची आहे.

माझं लहानपण दोन भिंतींच्या मध्ये गेलं. एक मध्यवर्ती कारागृहाची आणि दुसरी प्रेसची. बाबा करन्सी नोट प्रेसमध्ये होते. रोज सुटताना झडती द्यावी लागे, डबा उघडून दाखवायचा, खिसे दाखवायचे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की रिटायर झाल्यावर भाजी आणायला निघतानाही ते दारात क्षणभर थांबून दोन्ही खिसे चाचपायचे. काही घ्यायचं राहिलं म्हणून नव्हे, तर आपल्याजवळ नको ते काही नाही ना, हे बघायला. ३४ वर्षांत त्यांच्या डब्यात पोळी-भाजीशिवाय काही निघालं नाही.

मी सातवीत होते तेव्हा तेलगीचं प्रकरण पेपरात रोज येत होतं. नाशिकरोडच्याच सिक्युरिटी प्रेसमधून लिलावात निघालेली यंत्रं त्याने मिळवली आणि खऱ्यासारखे मुद्रांक छापून देशभर विकले. बाबा नोटांच्या प्रेसमधले, मुद्रांकांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण गावाला दोन प्रेसमधला फरक कशाला कळतोय? वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत विचारलं, 'तुझ्या बाबांनी पण मशीन विकलं का गं?' मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. ताटावर बसले, दोन घास खाल्ले आणि उठले.

पुढे वीस वर्षांनी वर्गात एडविन सदरलँड शिकताना ते ताट माझ्या डोळ्यांसमोर आलं. सदरलँड अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ. १९३९ साली समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणात त्याने 'व्हाइट कॉलर' गुन्ह्यांचा विषय मांडला. तोपर्यंत गुन्हेगारीवर लिहिणारे बहुतेक जण गरिबी, झोपडपट्टी, मोडकी घरं याभोवतीच फिरत होते, कारण तुरुंगात सापडायची ती तिथलीच माणसं. सदरलँडने विचारलं, की प्रतिष्ठित माणसं आपल्या धंद्याच्या ओघात जे करतात, ते आपण का मोजत नाही? मग त्याने ७० बड्या कंपन्यांचे निकाल आणि आदेश धुंडाळले. १९४९ साली त्याचं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकाने खटल्याच्या भीतीने कंपन्यांची नावं काढायला लावली. नावांसकट आवृत्ती निघायला १९८३ साल उजाडलं, तोवर सदरलँड जाऊन ३३ वर्षं झाली होती.

रोज डब्याची झडती देणाऱ्यांच्या हातून मुद्रांकांचा तो घोटाळा झालाच नव्हता. तो लिलाव, परवाने आणि कागदांवरच्या सह्यांच्या वाटेने गेला. तेलगीला २००६ साली ३० वर्षांची शिक्षा झाली, पण सातवीतल्या माझ्या मैत्रिणीला संशय आला तो डबा घेऊन जाणाऱ्या माणसाचा. मला हे बाबांना सांगायचं होतं, अगदी सदरलँडच्या नावासकट. ते २०२१ साली गेले.

आता पोतीबद्दल.

बाबा गेल्यावर सोसायटीतल्या बायकांनी सांगूनही आईने पोत काढली नव्हती. 'त्यांनी घातली, ती मी कशाला काढू,' एवढंच ती म्हणायची. जानेवारी २०२३, संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. आई सकाळी सातला दसकच्या घाटाकडे फिरायला जायची. थंडी, धुकं, रस्त्याला तुरळक माणसं. मागून मोटारसायकलवर दोन पोरं आली आणि मागे बसलेल्याने एका अपार्टमेंटचं नाव सांगून विचारलं, 'काकू, हे कुठे आलं हो?' आईने वळून हात लांब करून गल्ली दाखवली, तेवढ्यात त्याने गळ्यात हात घातला. हिसका बसला तशी आई खाली बसली. पोत तुटली. एक वाटी आणि सात-आठ काळे मणी तिच्या मुठीत राहिले, दुसरी वाटी आणि बाकीची पोत गेली. दोन वाट्यांतली एक माहेरची, एक सासरची असते. मुठीत राहिलेली कुठली, हे तिला आजतागायत सांगता येत नाही. ती वाटी देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यात आहे.

त्या दिवशी शेजारच्या एक बाई भेटायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, 'देवानेच काढली असं समजा.' बाई वाईट नाहीत. पण गळ्यावर लाल वळ उमटलेल्या माझ्या आईने ते ऐकलं आणि मान हलवली. ती मान हलवणं मी विसरू शकत नाही.

पोलीस ठाण्यात आम्हाला दीडेक तास बसावं लागलं. पावती मागितली. पोत १९८८ची, सराफ बाजारातल्या ज्या सोनाराने केली तो हयात नाही, त्याचं दुकानही नाही. वजन विचारलं तर आई म्हणाली, 'दीड तोळा असेल.' 'असेल' म्हणून चालत नाही, असं तिला सांगण्यात आलं. गाडीचा नंबर पाहिला का? नाही. तोंडं ओळखाल का? मफलर होते. मग 'सध्या अर्ज देऊन ठेवा, बघू' असं ठरलं. बोलणारा माणूस उद्धट नव्हता, आईला त्याने स्वतः उठून पाणी आणून दिलं. आम्ही अर्ज दिला, झेरॉक्सवर शिक्का घेतला आणि घरी आलो. तो कागद म्हणजे फिर्याद नव्हे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अकाउंट्समध्ये मी आठ वर्षं व्हाउचर आणि बिल यांतला फरक लोकांना समजावत होते, आणि अर्ज आणि एफआयआर यांतला फरक मला ठाऊक नव्हता.

पहिल्या सत्रात तो फरक कळला. दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. गळ्यातली पोत जोर लावून ओढून नेणं ही त्या वेळच्या कायद्यात जबरी चोरी, कलम ३९२, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. एक सांगून ठेवते, कारण पेपरात सगळ्यालाच 'दरोडा' छापतात. जबरी चोरी करणारे पाच किंवा जास्त असतील तर दरोडा, घर फोडून आत शिरले तर घरफोडी, धाक किंवा मारहाण नसेल तर साधी चोरी. शब्द बदलला की कलम बदलतं, कलम बदललं की आकड्यांचा रकाना बदलतो. मी वर्गात हात वर करून विचारलं, 'आणि नुसता अर्ज घेतला असेल तर कुठल्या रकान्यात?' सर म्हणाले, 'कुठल्याच नाही.'

ते उत्तर मी वहीत लिहून त्याभोवती चौकोन काढला. आईची पोत कुठल्याच आकड्यात नाही. देशाच्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाल्यापासून ते काम त्यांच्याकडे आहे. तो अहवाल नोंदलेले गुन्हे मोजतो. त्यातही एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असतील तर सगळ्यात गंभीर तेवढा एक धरतात. खून आणि चोरी एकत्र असेल तर खून मोजला जातो, चोरी नाही. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याचा आकडा वाढला म्हणजे तिथे गुन्हे वाढले असं म्हणता येत नाही. कदाचित तिथे फिर्याद नीट घ्यायला लागले असतील. आकडा कमी दिसला की पेपरवाले शाबासकी देतात, पण तो कमी कसा झाला, हे विचारणारं कुणी नसतं. नोंद न झालेल्या गुन्ह्यांना या शास्त्रात 'डार्क फिगर' म्हणतात. बेल्जियमच्या क्वेटले या गणितज्ञाला ही अडचण १८३०च्या दशकातच दिसली होती. त्यावर एक उपाय आहे, ठाण्यात न जाता घरोघरी जाऊन विचारायचं, की गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय घडलं. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून आणि इंग्लंडमध्ये १९८२ पासून अशी सर्वेक्षणं होतात. मला माझ्या प्रबंधाचा विषय त्याच दिवशी मिळाला.

पण त्याआधी पहिल्या वर्षाच्या दोन तासांबद्दल लिहायलाच हवं.

एक तास व्याख्येचा होता. गुन्हा म्हणजे काय, यावर सरांनी प्रत्येकाकडून आपापल्या गावचं उदाहरण मागितलं. मी जॅक्सनचा खून सांगितला. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन नाटक बघायला आलेला आणि अनंत कान्हेरे या विशीही न गाठलेल्या पोराने त्याला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. ज्याला गावातले सगळे अजून गोल्फ क्लब म्हणतात त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. सकाळी शेकडो माणसं त्याच्या कडेने चालतात. कृती तीच, दंडविधानही तेच, पण सरकार बदललं आणि नाव खुन्यावरून हुतात्म्यावर आलं. मी हे लहानपणापासून इतिहास म्हणून ऐकलं होतं. गुन्ह्याची व्याख्या म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

दुसरा तास लोम्ब्रोसोचा. इटलीतला डॉक्टर, कैद्यांच्या कवट्या, जबडे, कान मोजायचा आणि म्हणायचा की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात. त्याचं पुस्तक १८७६चं. १९१३ साली इंग्लंडच्या गोरिंगने तीनेक हजार कैद्यांची मोजमापं घेऊन दाखवून दिलं की गुन्हेगाराचा असा काही वेगळा चेहरामोहरा नसतो. इथवर वर्ग मजेत ऐकत होता. मग सरांनी फळ्यावर दुसरं साल लिहिलं, १८७१. लोम्ब्रोसोच्या पुस्तकाआधी पाच वर्षं इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. जमातीत जन्मलात म्हणजे गुन्हेगार, पुरावा लागत नाही. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. १९११ साली नवा कायदा आला आणि तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तर या जमातींना कोंडून ठेवायची तारेच्या कुंपणाची वसाहत, सेटलमेंट होती.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा पारधी समाजातला. तो त्या दिवशी काही लिहून घेत नव्हता. तास संपल्यावर म्हणाला, 'ताई, माझा आजा हजेरी द्यायला जायचा. रात्री झोपेतून उठवून पाटील मोजायचा, सगळे घरात आहेत का.' थोडा वेळ थांबून म्हणाला, 'अजून कुठे घरफोडी झाली की आमच्या पालावर गाडी येते.' हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या वेगळ्या याद्या आहेत. शिक्का कागदावरून गेला, पण तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये त्याच्या खुणा राहिल्या होत्या. जात बघून कैद्यांना काम देणं आणि विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार धरणं घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगितलं. ती बातमी मी त्यालाच आधी पाठवली. त्याने उत्तरात फक्त आजोबांचा फोटो पाठवला. पांढरा फेटा, डोळे थेट कॅमेऱ्यात.

माझ्या आईची पोत ओढणाऱ्या पोरांचे चेहरे कुणी पाहिले नव्हते. तरी त्या आठवड्यात सोसायटीत कोण काय बोललं, कुठल्या वस्तीकडे बोट दाखवलं गेलं, हे मला नीट आठवतं. मीही तेव्हा मान हलवली होती.

दुसऱ्या वर्षी कायदेच बदलले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, आणि पाठ केलेले आकडे पुन्हा पाठ करावे लागले. माझ्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट आहे. वस्तू हिसकावून पळणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पूर्वी हीच घटना जबरी चोरीत धरली तर दहा वर्षांपर्यंत होती. तीन वर्षं कमी आहेत का? शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणार की नाही याची खात्री जास्त मोलाची, हे इटलीतल्या बेकारिया या विचारवंताने १७६४ सालीच मांडून ठेवलंय आणि मला ते पटतं. पण मी आईची मुलगीही आहे. तिचा गळा, तो वळ, रस्त्यावर बसलेली ती. जोर लावला की नुसतं हिसकावलं, हे ठाण्यातला माणूस लिहिताना ठरवणार, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून राहणार. नव्या कलमाने हा प्रश्न सुटला असं मला वाटत नाही.

त्याच हिवाळ्यात अभ्यासभेटीसाठी आम्ही एका कारागृहात गेलो. परवानगीची पत्रं, मोबाइल जमा, हातावर शिक्का. मी भिंतीच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. लहानपणी मला वाटायचं आत सगळे खुनी-दरोडेखोर. आत गेल्यावर कळलं की तिथे दोन शब्द चालतात, कच्चे आणि पक्के. पक्के म्हणजे शिक्षा झालेले, कच्चे म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे होते. चारांतले तीन. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल आणि इतर खटले नसतील तर. पण जामीनदार कोण राहणार? ज्याला मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात भेटायला, येणारंच कुणी नाही, त्याला जामीनदार कुठून मिळायचा?

मुलाखतीची रांग मी लहानपणापासून पाहत आले होते. शाळेत जाताना आमच्या जेलच्या बाहेर बायका उभ्या असायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत कपडे, काखेत मूल, हातात ओळखपत्राची झेरॉक्स. पूर्वी मला त्या 'कैद्यांच्या बायका' दिसायच्या. आता मी त्यांच्याकडे बघते तेव्हा मनात हिशोब सुरू होतो, येवल्याहून की मालेगावहून, एसटीचं भाडं किती, आजची रोजंदारी बुडाली का. अकाउंट्सची सवय आहे ती, पण हा हिशोबही कुठल्याच आकड्यात नसतो.

आणि गणपती. नाशिकरोडच्या कारागृहातले बंदी शाडूच्या मूर्ती करतात, त्या बाहेर विक्रीला येतात. २०२४ साली मी आईला म्हटलं की या वर्षी तिथून आणू. आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, 'आणू. हात कुणाचे का असेनात, माती तीच.' मूर्ती रिक्षातून उतरवताना थोडी कलती झाली आणि पाटाच्या खालच्या कडेला, जिथे रंग पोचला नव्हता, तिथे ओल्या मातीत उमटलेला अंगठा दिसला. स्वच्छ चक्र, एकेक रेघ मोजता येईल इतकं. आदल्याच महिन्यात आम्ही ठशांचा इतिहास शिकलो होतो. जगातली पहिली अंगुलिमुद्रा कचेरी १८९७ साली कलकत्त्यात निघाली, आणि ठशांची १०२४ खान्यांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता, पण ती पद्धत जगभर ओळखली जाते ती त्यांच्या इंग्रज साहेबाच्या, हेन्रीच्या नावाने. हा अंगठाही कुठल्या तरी नोंदवहीत शाईने उठलेला असणारच, नावापुढे, कलमापुढे. आमच्याकडे तो दीड दिवस दूर्वांखाली होता. विसर्जनाला मूर्ती पाण्यात सोडताना मी तो हाताने चाचपला.

प्रबंधासाठी मी दर शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून घरी यायची आणि शनिवार-रविवार जेलरोड, दसक, पंचकच्या सोसायट्यांतून फिरायची. विषय सोनसाखळी हिसकावल्या गेलेल्या बायका, ठाण्यात गेलेल्या आणि न गेलेल्या दोन्ही. प्रश्नावली मी फार नीट केली होती. काय गेलं, वजन किती, वेळ कुठली, तक्रार दिली का, नसेल तर का नाही. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९७९ साली मांडलं होतं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात, करायला तयार असलेला माणूस, सोयीचं सावज आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. त्या चौकटीत माझे प्रश्न अगदी चपखल बसत होते. मार्गदर्शक मॅडमनीही मान्यता दिली होती.

पहिली चाचणी मुलाखत मी आईची घेतली. ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडता निवडता ती उत्तरं देत होती. तेरा प्रश्न संपले. तिने विचारलं, 'झालं?' मी म्हटलं, झालं. तर म्हणाली, 'काय गेलं ते विचारलंस. त्यानंतर आम्ही काय करायचं सोडलं, ते कुठे विचारलंस?'

चौदावा प्रश्न तिचा आहे. प्रबंधाचं निम्मं प्रकरण त्याच्यावर उभं राहिलं. एका आजींनी पुढच्या दाराची कडी लावून मगच तुळशीला पाणी घालायला सुरुवात केली, म्हणजे मागच्या दाराने फिरून. एक शिक्षिका खोटी पोत घालतात आणि लग्नकार्यात कुणी ओळखू नये म्हणून पदर खांद्यावरून ओढून घेतात. एकीने संध्याकाळी कट्ट्यावर बसणं सोडलं आणि तिच्यामागे पूर्ण कट्टाच ओस पडला. एकीने मुलाची मोटारसायकल विकायला लावली, कारण ती मागून आल्याचा आवाज सहन होईना. प्रश्न विचारला की बायका आधी 'काही नाही' म्हणायच्या, मग चहा ठेवायच्या, मग सांगायच्या.

आईनेही त्या दिवशी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. 'कुणी पत्ता विचारला तर मी आता थांबत नाही.'

गेल्या महिन्यात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आई फाटकाबाहेर होती. कुरियरची पिशवी पाठीला लावलेला एक पोरगा गाडीवरून आला, हातातला मोबाइल बघत म्हणाला, 'मावशी, साईकृपा कुठे?' आई काही न बोलता फाटकाच्या आत आली, फाटक लावलं, कडी घातली. पोरगा तसाच उभा. मग तिने एक हात गळ्याशी धरून दुसरा हात फाटकावरून लांब केला आणि मोठ्याने सांगितलं, 'तिसरी गल्ली, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे.' तो वळेपर्यंत ती तिथेच उभी होती.